लहान मुलांचा शिक्षक : बालविकासाचा अभ्यास आणि अध्यापनाची तयारी

शिक्षणाची पायरी जितकी वरची, तितकी शिक्षकाची तयारी अधिक असावी लागते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. महाविद्यालयात शिकविणाऱ्यास उच्च पदवी हवी, माध्यमिक शाळेतील शिक्षकास त्याहून कमी चालेल, प्राथमिक शिक्षकास आणखी कमी. आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळावयाचे असेल तर मायाळू स्वभाव पुरे, असे हे उतरते गणित मांडले जाते. मायेची आवश्यकता कोणीच नाकारणार नाही. परंतु केवळ माया आहे एवढ्याच आधारावर आजारी मूल आपण कोणाच्याही हाती सोपवीत नाही. तेथे आपण जाणकार शोधतो. वाढत्या मुलाच्या बुद्धीची, भाषेची आणि भावनांची जोपासना करावयाची असेल तेव्हाही जाणकारच हवा, हे मात्र आपल्याला अद्याप पुरतेपणी पटलेले नाही.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुलांच्या वाढीचा जो पद्धतशीर अभ्यास झाला, त्याने हे उतरते गणित चुकीचे असल्याचे दाखवून दिले आहे. लहान मुलाला शिकविणे हे मोठ्या मुलाला शिकविण्याचे सोपे रूप नव्हे. ते एक निराळे आणि पुष्कळ बाबतींत अधिक कठीण असे काम आहे. या शास्त्राने काय शोधून काढले, शिक्षकाच्या तयारीशी त्याचा संबंध कसा पोहोचतो आणि आपल्या देशात या कामाची घडी कशी बसत गेली, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

दोन सारखे पेले घ्यावेत आणि दोहोंत सारखेच पाणी ओतावे. चार वर्षांच्या मुलाला विचारले, तर तो दोन्हींत पाणी सारखे आहे असे सांगेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातील पाणी उंच व निमुळत्या भांड्यात ओतावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. बहुतेक मुले या वयात सांगतात की, उंच भांड्यात पाणी जास्त आहे. सहा-सात वर्षांचे मूल मात्र हसून उत्तर देते, की पाणी तेवढेच आहे, तुम्ही काही काढलेही नाही आणि घातलेही नाही.

स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ जीन पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशा साध्या प्रयोगांतून एक मोठा सिद्धान्त मांडला. मुलाचे चुकीचे उत्तर हे अज्ञानाचे किंवा निष्काळजीपणाचे लक्षण नसून त्याच्या विचाराची त्या वेळची घडणच तशी असते, असे त्यांचे म्हणणे होते. लहान मूल एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष देते. त्याला भांड्याची उंची दिसते, परंतु त्याच क्षणी रुंदी कमी झाल्याचे तो हिशेबात धरू शकत नाही. अशा मुलाला ‘पाणी तेवढेच आहे’ हे वाक्य पाठ करून घेता येईल. परंतु पाठांतर म्हणजे समज नव्हे.

पियाजे यांचे निष्कर्षही पुढील अभ्यासकांनी तपासून पाहिले. १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी याच स्वरूपाचा प्रयोग थोडा बदलून केला. मुलांसमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या. नंतर एक रांग प्रयोगकर्त्याने स्वतः न विस्कटता, एका ‘खट्याळ अस्वला’ने, म्हणजे खेळण्यातील बाहुल्याने, ती विस्कटली असा देखावा केला. या खेपेस बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या पुष्कळच वाढली. मोठे माणूस मुद्दाम काही बदल करते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटत असणार, हे त्यामागील एक संभाव्य कारण.

शिक्षकाच्या दृष्टीने या दोन प्रयोगांचा बोध महत्त्वाचा आहे. मुलाचे चुकीचे उत्तर ही त्याच्या विचाराकडे उघडणारी खिडकी आहे, हा पहिला बोध. प्रश्न कोण विचारतो, कसा विचारतो आणि कोणत्या प्रसंगी विचारतो यावर उत्तर अवलंबून असते, हा दुसरा. ज्याने या गोष्टींचा अभ्यास केलेला नाही, तो मुलाला ‘मठ्ठ’ ठरवून मोकळा होतो.

‘त’ आणि ‘ट’ यांची कहाणी

भाषेच्या बाबतीत तर शिक्षणाची सुरुवात शाळेच्या कितीतरी अगोदर होते. १९८४ साली जेनेट वेर्कर व रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील दोन ध्वनी ऐकविले. एक दंत्य ‘त’ आणि दुसरा मूर्धन्य ‘ट’. इंग्रजीत हा भेद अर्थ बदलणारा नसल्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ माणसांना तो ओळखणे जड जाते. परंतु सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक अर्भकांना तो सहज ओळखता आला. ध्वनी बदलताच ती मान वळवीत. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत मात्र ही शक्ती जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. हिंदी बोलणाऱ्या घरांतील त्याच वयाच्या मुलांत ती कायम होती.

वर्षाचे होण्यापूर्वीच मूल आपल्या सभोवतालच्या भाषेचे ध्वनी निवडून घेते व अनावश्यक भेद बाजूला सारते, असा याचा अर्थ आहे. मेंदूच्या वाढीची रीतही बरीचशी अशीच आहे. पहिल्या काही वर्षांत मज्जापेशींमधील जोडण्या गरजेपेक्षा अधिक निर्माण होतात. ज्यांचा उपयोग होतो त्या बळकट होतात आणि ज्यांचा होत नाही त्या हळूहळू छाटल्या जातात. माळी रोपाची छाटणी करतो, तेव्हा रोपाचे नुकसान होत नाही, त्याला आकार येतो. तसाच हा प्रकार आहे.

यावरून दोन टोकांचे चुकीचे निष्कर्ष काढले जातात. एक म्हणजे, पहिली काही वर्षे गेली की सारे संपले. हे खरे नाही. मनुष्य आयुष्यभर शिकत असतो. दुसरा म्हणजे, मेंदू एवढ्या वेगाने वाढत असेल तर तीन वर्षांच्या मुलाला लिहिणे, वाचणे व पाढे जितके लवकर शिकवावेत तितके चांगले. हेही खरे नाही. या वयातील मेंदूला हवे असते ते बोलणे, ऐकणे, हाताळणे, खेळणे आणि ओळखीच्या माणसाचा प्रेमळ प्रतिसाद. मूल ज्या भाषेत बोलते त्या भाषेत त्याच्याशी भरपूर बोलणारे माणूस हे या वयातील सर्वांत मौल्यवान शैक्षणिक साधन होय.

रेषा नव्हे, पल्ला

‘शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालू लागले, आमचे अजून धरूनच उभे राहते,’ ही चिंता घरोघर ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील आठशेहून अधिक निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद करून २००६ साली प्रमाणके प्रसिद्ध केली. या पाच देशांत भारताचा समावेश होता. आपल्याकडील निरीक्षणे दिल्लीत झाली. त्यात असे आढळले की, आधाराशिवाय बसणे हे सुमारे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान साधते, आणि आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. शंभरांतील चार मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती बसण्यातून सरळ उभे राहण्याकडे व चालण्याकडे गेली.

याचा अर्थ, निरोगी वाढीचा मार्ग ही एक रेषा नसून तो एक रुंद पल्ला आहे. शिक्षकाला या पल्ल्याची दोन्ही टोके ठाऊक असणे आवश्यक आहे. पल्ल्याच्या आत असलेल्या मुलाची घाई करू नये, त्याच्या आईवडिलांना धीर द्यावा. आणि पल्ल्याच्या बाहेर राहिलेल्या मुलाकडे दुर्लक्ष न करता त्याला वेळेवर वैद्याकडे पाठवावे. जे मूल ‘ऐकत नाही’ म्हणून शिक्षा खाते, त्याला पुष्कळदा खरोखरच ऐकू येत नसते. ही गोष्ट तिसऱ्या वर्षी लक्षात आली तर बरेच काही करता येते. आठव्या वर्षी लक्षात आली तर भाषेची मोलाची वर्षे हातची निघून गेलेली असतात.

भारतीय मुलांसाठी भारतीय प्रमाणके असावीत, या विचाराने बडोदे येथेही मोठे काम झाले. प्रमिला फाटक यांनी अमेरिकेतील बेली यांच्या मापनश्रेणीच्या आधारे भारतीय अर्भकांच्या विकासाची मापनश्रेणी सिद्ध केली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या वाढीसाठी असलेल्या या श्रेणीत हालचालींविषयीच्या ६७ व मानसिक वाढीविषयीच्या १६३ बाबी आहेत. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ आजही तिचा उपयोग करतात.

निरीक्षण हाच पाया

बालशिक्षकाच्या प्रशिक्षणात पहिला व सर्वांत अवघड धडा कोणता, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल, की पाहावयास शिकणे. चांगल्या अध्यापन-वर्गाला जोडून एक बालवाडी असते. विद्यार्थिनी प्रथम तेथे शिकवीत नाहीत. त्या एका कोपऱ्यात वही घेऊन बसतात आणि एका मुलाची काही मिनिटांची हालचाल लिहून काढतात.

उदाहरणादाखल दोन नोंदी पाहाव्यात. पहिली अशी : ‘मुलगी आज फार हट्टी होती. तिने मुद्दाम दुसऱ्या मुलाचे ठोकळे पाडले.’ दुसरी अशी : ‘मुलगी ठोकळ्यांपाशी आली. दोन मिनिटे उभी राहून पाहत होती. एक ठोकळा उचलून मुलाच्या मनोऱ्यावर ठेवू लागली. मुलाने तिचा हात दूर केला. तिने पुन्हा ठेवला. मनोरा पडला. तिने शिक्षिकेकडे पाहिले व ती मागे सरली.’

प्रसंग एकच आहे. पहिल्या नोंदीत निकाल आहे, दुसरीत पुरावा. पहिली वाचणारा मुलीला समज देईल. दुसरी वाचणाऱ्याच्या लक्षात येईल, की या मुलीला खेळात सामील व्हावयाचे होते, परंतु ‘मी पण खेळू का?’ हे विचारण्याची रीत तिला अजून अवगत नाही. तिला शिक्षेची नव्हे, त्या एका वाक्याची गरज आहे. वस्तुस्थिती आणि तिच्याविषयीचे आपले मत यांतील फरक ओळखणे ही तर सर्व विज्ञानाचीच पहिली पायरी. बालवाडीतील वही हे त्या अर्थाने प्रयोगशाळेतील नोंदवहीहून कमी प्रतीचे साधन नाही.

निरीक्षणानंतर येते ती मदतीची कला. रशियातील लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी दाखवून दिले, की मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या थोड्या मदतीने जे करू शकते, या दोहोंत एक अंतर असते, आणि खरे शिक्षण त्या अंतरातच घडते. १९७६ साली वुड, ब्रूनर व रॉस या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयास मदत करताना या मदतीचे स्वरूप तपासले आणि तिला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी. भिंत सुकली की ती काढून घ्यावयाची. परांची कधीच न लावणारा शिक्षक मुलाला निराश करतो, आणि ती कधीच न काढणारा शिक्षक त्याला पांगळे करतो. केव्हा लावावयाची व केव्हा काढावयाची, हे पुस्तकावरून शिकता येत नाही. त्यासाठी जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलांत काम करावे लागते. प्रशिक्षणात प्रत्यक्ष सरावाला एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

आपल्या देशातील परंपरा

हे सारे केवळ परदेशातून आलेले ज्ञान आहे असे मात्र नाही. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले, आणि मुलांच्या शाळेच्या जोडीला शिक्षक घडविणारे अध्यापन मंदिरही चालविले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२६ साली त्यांच्यासह नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मॉन्टेसरी पद्धतीचे तत्त्व त्यांनी स्वीकारले, परंतु महागडी परदेशी साधने हा तिचा आत्मा नव्हे, हे त्यांनी ओळखले.

१९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. पुढे हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये रुजले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्यात आली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे ही शिक्षणाची साधने झाली. मुलाचा परिसर, त्याची भाषा आणि त्याच्या घरची परिस्थिती यांचा अभ्यास केल्यावाचून त्याला शिकविता येत नाही, हे तत्त्व या कार्यात प्रत्यक्ष उतरले.

याच काळात मारिया मॉन्टेसरी स्वतः भारतात होत्या. १९३९ च्या अखेरीस त्या मद्रासजवळील अड्यार येथे प्रशिक्षणवर्ग घेण्यासाठी आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. त्यांच्या वर्गांतून देशाच्या अनेक भागांतील शिक्षक तयार झाले. स्वातंत्र्यानंतर बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठ, दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय इत्यादी संस्थांतून गृहविज्ञानाची शाखा म्हणून बालविकास हा विषय विद्यापीठीय अभ्यासात आला.

प्रशिक्षणाचे फळ

अशा शिक्षणाचा पुढील आयुष्यावर खरोखर परिणाम होतो काय? अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतील १२३ मुलांवर या दृष्टीने एक प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ मुलांना बालशाळेत दाखल केले, उरलेल्यांना नाही. शिक्षक प्रशिक्षित होते, प्रत्येकाकडे थोडीच मुले होती आणि दर आठवड्यास शिक्षक मुलाच्या घरी जात. बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांतच ओसरली, तेव्हा अनेकांना प्रयोग फसला असे वाटले. परंतु तीच माणसे चाळीस वर्षांची झाली तेव्हा तपासणीत असे दिसले, की पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालशाळेत गेलेल्यांत शेकडा ३६ व न गेलेल्यांत शेकडा ५५ होते. शिक्षण आणि मिळकत यांतही पहिला गट पुढे होता.

एवढ्यावरून कोणतीही बालशाळा हितकारकच असते असे समजणे धाडसाचे होईल. अमेरिकेतीलच टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गांत गेलेली सुमारे तीन हजार मुलांच्या अभ्यासातील मुले सहावीपर्यंत पोहोचली, तेव्हा परीक्षांत ती न गेलेल्या मुलांच्या मागे पडलेली आढळली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाच्या कारणांविषयी अद्याप मतभेद आहेत. पहिल्या प्रयोगातील गट लहान होता, हेही विसरता कामा नये. तरीही दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले, तर मुलाला कोठेतरी दाखल केले एवढ्याने काम भागत नाही, आत काय घडते यावर सारे अवलंबून आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

आजचे कार्य

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ विकासगटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज तिच्या अंगणवाड्यांची संख्या तेरा लाखांहून अधिक आहे. पोषक आहार, लसीकरणास साहाय्य, वजनाच्या नोंदी, गरोदर मातांना सल्ला आणि त्यांच्या जोडीला तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण, एवढा भार बहुधा एक सेविका व एक मदतनीस यांच्यावर असतो. नोंदवह्या भरण्यात दिवस सरतो आणि शिक्षण शेवटी उरते. ही सेविका वेतनावर नव्हे, मानधनावर काम करते. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे ठरण्यासाठीही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय व्हावा लागला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे मिळून शिक्षणाचा पहिला, पायाभूत टप्पा मानला. बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका त्यात सुचविलेली आहे. २०२२ साली या टप्प्यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही प्रसिद्ध झाला. त्यात खेळाला शिक्षणाचे मुख्य माध्यम मानले आहे. दिशा योग्य आहे. परंतु धोरणातील वाक्य आणि टेकडीवरच्या अंगणवाडीतील मूल यांमध्ये एक माणूस उभे असते. त्या माणसाला पाहावयास शिकविले नाही, सराव दिला नाही आणि कामाला साजेसा मान व मोबदला दिला नाही, तर सुंदर आराखडा कपाटातच राहील.

दुसऱ्या बाजूने पालकांचा आग्रह असतो. चार वर्षांच्या मुलाच्या वहीत पानेच्या पाने अक्षरे गिरविलेली दिसली की ‘शाळा चांगली’ असे मानले जाते, आणि माती, वाळू, पाणी व ठोकळे यांत रमलेल्या वर्गाला ‘येथे नुसते खेळतात’ असा शेरा मिळतो. वास्तविक मातीचे गोळे वळणारी बोटेच उद्या लेखणी पेलणार असतात; गोष्ट ऐकून ‘पुढे काय झाले?’ असे विचारणारे मूलच उद्या वाचक होणार असते. प्रशिक्षित शिक्षिका हे पालकांना समजावून सांगू शकते, कारण खेळात काय शिकले जात आहे हे तिला स्वतःला ठाऊक असते. जिला ते ठाऊक नाही ती पालकांच्या दडपणापुढे नमते, आणि मग गिरविण्याचे ओझे मुलाच्या हातावर येऊन पडते.

म्हणून आपल्या मुलासाठी बालवाडी निवडणाऱ्या वाचकाने भिंतींचे रंग व गणवेश पाहण्यापूर्वी थोडा वेळ दाराशी उभे राहावे. शिक्षिका मुलांशी बोलताना त्यांच्या उंचीला वाकते काय, त्यांचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबते काय, चुकलेल्या उत्तराचे कारण शोधते काय आणि प्रत्येक मुलाविषयी विचारले असता काहीतरी नेमके सांगू शकते काय, एवढे पाहावे. आणि या कामाकडे वळू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी ते सोपे म्हणून निवडू नये. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला न कळलेला धडा तो दुसऱ्याकडून समजून घेऊ शकतो. तीन वर्षांच्या मुलाला तो पर्याय नसतो. त्याच्यापुढे जो उभा असेल, त्याच्यावरच ते सर्वस्वी विसंबून असते.